तेराव्या भुताची बाकी

गोष्ट सांगतां सांगतां आजीस डुलकी लागली, तर मुलें तिला सोडीत नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळींच ‘मग त्या राक्षसाचें काय झालें?’ हा प्रश्न पुढें येतो. अमेरिकेंतील एका चित्रमालिकेच्या बालप्रेक्षकांस मात्र अशाच एका प्रश्नाच्या उत्तरासाठीं तेहतीस वर्षें वाट पहावी लागली.

दूरचित्रवाणीवर १९६९ सालीं सुरू झालेल्या ‘स्कूबी-डू’ या व्यंगचित्रमालिकेची रीत ठरलेली होती. चार तरुण व एक भित्रा कुत्रा भुताचा पाठलाग करीत, आणि शेवटीं मुखवटा ओढतांच आंतून कोणी तरी लबाड मनुष्य निघे. १९८५ सालच्या सप्टेंबरांत आलेल्या ‘द थर्टीन घोस्ट्स ऑफ स्कूबी-डू’ या मालिकेनें ही रीत मोडली. येथें भुतें खरींच होतीं. हिमालयांत शॅगी व स्कूबी यांच्या हातून एक पेटी उघडली जाते व तेरा पिशाच्चें सुटतात. ज्यांनीं तीं सोडलीं त्यांनींच तीं पुन्हां कोंडलीं पाहिजेत, असें व्हिन्सेंट व्हॅन घूल हा मांत्रिक बजावतो. या मांत्रिकास भयपटांचे विख्यात नट व्हिन्सेंट प्राइस यांचा आवाज लाभला होता. परंतु तेरा भाग होऊन डिसेंबरांत मालिका थांबली, आणि तेरावें भूत मोकळेंच राहिलें. प्राइसही १९९३ सालीं वारले.

अखेर २०१९ सालीं ‘स्कूबी-डू अँड द कर्स ऑफ द थर्टीन्थ घोस्ट’ या चित्रपटानें ही बाकी हातीं घेतली. मांत्रिकाचा आवाज आतां मॉरिस लामार्श यांचा आहे. त्या वेळचा चलाख पोर फ्लिम-फ्लॅम मोठा झाला आहे. जुन्या मोहिमेंत नसलेलीं फ्रेड व वेल्मा या वेळीं बरोबर आहेत. आणि मागें जें घडलें त्यालाही बुद्धीस पटणारें कारण असलेंच पाहिजे, असा वेल्माचा आग्रह आहे.

भुतांखेतांवर विश्वास नसणाऱ्या आम्हांस वेल्माचें म्हणणें पटतें. तरीही जुन्या प्रेक्षकाचा पक्ष आम्हांस अगदींच टाकवत नाहीं. लहानपणीं ज्या भुतांना तो भ्याला, तीं कदाचित् नव्हतींच, असें त्याला आतां सांगणें म्हणजे कर्ज फेडतांना मूळ कागदावरील आंकडाच खोडण्यासारखें आहे.

वस्तुतः मुलांचे प्रश्न दोन असतात. ‘भूत खरें असतें का?’ असें विचारल्यास ‘नाहीं’ असें स्वच्छ सांगावें. त्यांत आडपडदा नको. परंतु ‘त्या गोष्टींतल्या भुताचें पुढें काय झालें?’ असें विचारल्यास पहिल्या प्रश्नाचें उत्तर देऊन सुटूं नये. तेथें गोष्टच पुरी केली पाहिजे. ज्यानें पेटी उघडली त्यानेंच ती मिटावी, हा मांत्रिकाचा नियम शॅगी-स्कूबीस जितका लागू, तितकाच कथा सांगणाऱ्यासही लागू आहे. उशिरां कां होईना, या मंडळींस त्याची आठवण झाली, याबद्दल त्यांचें अभिनंदनच केलें पाहिजे. आपल्या घरींही अशी एखादी गोष्ट अर्धवट राहिली असेल, तर ती आज रात्रींच पुरी करावी.