झीलकरी कोठे गेले?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपल्या गायक-वादकांनी ती भलतीच मनावर घेतली आहे. आपल्यातल्याच एखाद्या कलावंताला पोलिसांनी त्या पायरीवर ओढत नेले, तर त्याच्यामागून दहा पावले चालत जाण्याची बुद्धीही त्यांना होत नाही. ‘कायदा आपले काम करील,’ असे म्हणून ते तंबोरा जुळवू लागतात.

वाचकहो, शाहिरी आपण सर्वांनी ऐकली आहे. शाहीर पोवाडा म्हणतो तेव्हा त्याच्या पाठीशी झीलकरी उभे असतात. शाहिराचा दम संपत आला, की ते ‘जी जी जी’ करीत सूर उचलतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढची ओळ फेकतो. झीलकरी नसतील, तर कितीही खड्या गळ्याचा शाहीर तिसऱ्या चौकात कोसळेल. मग माझा प्रश्न असा, की शाहिराचा श्वास सरकारने तोडला, तर झील कोणी धरायची?

दुसऱ्यांवर बोट रोखण्यापूर्वी मी माझा गुन्हा कबूल करतो. आमच्या जेऊरकडच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी एक गाणे बसवले होते. पाण्यावरचे, जातीपातीवरचे. मोबाइलवर ऐकून त्यांनी ते आपापले पाठ केले होते, आणि हलगी वाजवणारा पोरगा तर असा रंगला होता, की तालमीच्या वेळी रस्त्यावरची माणसे थांबत. दोन दिवस आधी गावातले एक वजनदार गृहस्थ आले आणि हळूच म्हणाले, “गुरुजी, त्या गाणाऱ्यांवर केस हाय म्हणत्यात. कशाला नसती बिलामत?” मी गाणे काढून टाकले. हलगीवाल्या पोराने विचारले, “गुरुजी, गाण्यात वाईट काय होतं?” मी त्याला वर्गात जायला सांगितले. मुलांना निर्भयतेवर निबंध लिहायला लावणारा मी मास्तर, पण त्या पोराच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आज तो प्रश्न मी तुमच्यापुढे मांडतो आहे.

ते गाणारे म्हणजे पुण्याचे कबीर कला मंच. २००२ सालच्या गुजरातच्या दंगलीनंतर पुण्यातल्या तरुण मुलामुलींनी हे पथक उभे केले. कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतून आलेली ही मुले डफ घेऊन चौकाचौकात जात, जात आणि भूक या दोन विषयांवर गात. शीतल साठे हिचा आवाज ज्याने एकदा ऐकला, तो तो विसरू शकत नाही. मे २०११ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने दीपक डेंगळे यांना पकडले. बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा आरोप ठेवला आणि बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा लावला. पथकातले बाकीचे भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधानभवनासमोर येऊन उभे राहिले. ‘ही शरणागती नव्हे, हा सत्याग्रह आहे,’ अशी त्यांची भूमिका होती. शीतल तेव्हा गरोदर होती. तिला त्याच वर्षी जूनमध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना मात्र सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला ३ जानेवारी २०१७ हा दिवस उजाडावा लागला. साडेतीन वर्षांहून अधिक काळ, आणि तोही निकालाच्या अलीकडे!

एवढ्याने दशावतार संपले नाहीत. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. तिथल्या भाषणांवरून आणि गाण्यांवरून पुण्यात फिर्याद दाखल झाली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक केली. सागर आणि रमेश यांची पुन्हा पाच वर्षे गजाआड गेली. त्या पाच वर्षांत खटला काही निकालापर्यंत पोचला नाही.

आता साथीला कोण आले ते पाहू. लोकशाहीर संभाजी भगत आले. ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटात या पथकाचे गाणे जगापुढे आणणारे आनंद पटवर्धन आले. त्यांच्या पुढाकाराने बचाव समिती उभी राहिली. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात एका गाण्यावरून खटल्यात अडकलेला म्हातारा शाहीर आहे. त्याचे संगीत संभाजी भगतांचे. २०१५ मध्ये त्या चित्रपटाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. पण ज्यांच्या मैफलीची तिकिटे आठ-आठ दिवस आधी संपतात, जे दिवाळी पहाटेला भरजरी झब्बे घालून संतांचे अभंग गातात, ते कोठे होते? राजसत्तेसमोर न वाकलेल्या तुकोबांचे शब्द गाऊन ज्यांनी बंगले बांधले, त्यांना एका डफवाल्या पोराचे नाव मंचावरून घेता येऊ नये? हाती डफ असलेला तेवढा डफवाल्यासाठी उभा राहतो, आणि सतारवाला म्हणतो, हे आमच्या घराण्याचे नव्हे!

त्यांची उत्तरे मला ठाऊक आहेत. पहिले असे, की कायदा आपले काम करील. करू द्या की! कायद्याने काम करावे एवढेच तर आम्ही म्हणतो. त्याचे काम खटला चालवून निकाल देणे हे आहे. परंतु या विशेष कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ४३-ड हे कलम आले. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, तर जामीन नाही! खटला रेंगाळला, तरी आरोपी आतच. म्हणजे शिक्षा आधी आणि निकाल मागाहून. निकालानंतर सहानुभूती दाखवीन असे म्हणणारा गवई मैफल उठल्यावर तबला घेऊन येणाऱ्यासारखा आहे.

दुसरे उत्तर असे, की त्यांनी खरोखरच काही केले असेल तर? केले असेल, तर पुराव्याने सिद्ध करा. त्याच्या आड कोणी येत नाही. जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे, हे मलाही कळते. पण गाणे हा पुरावा कसा होतो, ते मला कोणी सांगावे. जानेवारी २०१३ मध्ये डेंगळे आणि इतरांना जामीन देताना न्यायमूर्ती अभय ठिपसे यांनी स्पष्ट म्हटले, की भ्रष्टाचार, सामाजिक विषमता, गरिबांचे शोषण यांविषयी बोलण्यास आणि चांगला समाज यावा अशी इच्छा धरण्यास या देशात बंदी नाही. त्याच उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्योती जगताप हिचा जामीन नाकारताना मात्र पथकाच्या सादरीकरणातील सरकारची टिंगल करणाऱ्या शब्दांचीही दखल घेतली. एकाच इमारतीतल्या या दोन सुरांपैकी खरा कोणता, हा प्रश्न सबंध संगीतसृष्टीचा आहे. टिंगल हा गुन्ह्याचा धागा ठरला, तर आमच्या तमाशातला सोंगाड्या पहिला आत जाईल.

तिसरा आक्षेप त्याहून खरा आहे. कलावंत म्हटला की पाठीशी उभे राहायचे काय? उद्या एखाद्या गायकाने दारू पिऊन कोणाच्या अंगावर मोटार घातली, एखाद्या बुवाने शिष्येवर हात टाकला, तरीही? मुळीच नाही. तिथे आपली जागा त्या जखमी माणसाजवळ आणि त्या मुलीजवळ आहे. आमचे दुर्दैव असे, की नेमकी तिथे आमची कलावंत मंडळी गोळा होतात, ‘ते फार मोठे कलाकार आहेत हो’ म्हणून गळा काढतात, आणि नुसत्या गाण्यापायी अडकलेल्याला वाऱ्यावर सोडतात. बंधुभाव म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण नव्हे. आरोप गाण्याचा असेल, तर तो आपल्या सर्वांवर आहे, एवढे ओळखण्याचे नाव बंधुभाव.

साथ कशी करावी याचा एक दाखला परदेशातला आहे. १९६७ च्या जूनमध्ये इंग्लंडमध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदाच्या मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांना अमली पदार्थांच्या खटल्यात तुरुंगवासाची शिक्षा झाली. ‘द हू’ हा त्यांच्याच बाजारपेठेतला दुसरा वृंद. त्यांनी लगोलग स्टोन्सची दोन गाणी आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून बाजारात आणली. हेतू एवढाच, की माणसे तुरुंगात असली, तरी त्यांचे गाणे लोकांच्या कानांवर पडत राहावे. याला म्हणतात झील धरणे!

आणि परदेशी तरी कशाला जायचे? आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे अमर शेख. त्यांनी, अण्णाभाऊ साठ्यांनी आणि द. ना. गवाणकरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. एकाने लिहावे, दुसऱ्याने गावे, तिसऱ्याने उचलून धरावे, असा तो संसार. पुढे मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले, तेव्हा अण्णाभाऊंनी त्यालाच लोकनाट्य म्हटले आणि खेळ चालू ठेवला. अमर शेख २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. इंदापूर आमच्या भीमेच्या पलीकडच्या काठावर. त्यांच्या नावाने सोलापुरात भाषणे करणाऱ्यांनी आपण कोणाची झील धरली, हे एकदा स्वतःला विचारावे.

मोठ्या सभा भरवा असे मी म्हणत नाही. ज्याचे गाणे आवडते, त्याने ते गावे आणि गाण्याआधी ते लिहिणाऱ्याचे नाव घ्यावे. एका मैफलीची बिदागी वकिलाच्या फीकडे वळवावी. आत असलेल्याच्या आईबापांकडे महिन्यातून एकदा जाऊन यावे. जिल्ह्याच्या कोर्टात तारीख असेल, तर मागच्या बाकावर जाऊन बसावे. न्यायाधीशाला काही सांगायचे नाही, नुसते बसायचे. कठड्यात उभ्या असलेल्या माणसाने मागे वळून पाहिले, तर ओळखीचे चार चेहरे दिसतील.

माझ्यापुरते सांगायचे, तर यंदाच्या संमेलनाच्या यादीत ते गाणे मी पुन्हा घातले आहे. तो हलगीवाला पोरगा आता शाळा सोडून केमच्या बाजूला कामाला जातो. त्याला निरोप धाडला आहे. तो येईल की नाही, सांगता येत नाही. मास्तरवरचा त्याचा विश्वास मीच घालवला. तो आला नाही, तर हलगी मला वाजवता येत नाही. पण मागे उभे राहून ‘जी जी’ म्हणता येते, आणि तेवढे मी म्हणणार आहे.