उगम शब्दाचा की वापराचा?

संगणकीय बोलीतील शब्दांची व्युत्पत्ती विचारली की आपल्याकडे 'बग'ची कथा हमखास सांगितली जाते. १९४७ साली हार्वर्डच्या 'मार्क टू' यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग सापडला आणि त्यावरून यंत्रातील दोषाला 'बग' हे नाव पडले, अशी ती कथा. पतंग सापडला हे खरे. नाव त्यावरून पडले हे खरे नव्हे. एडिसनच्या १८७८ मधील पत्रातच हा शब्द दोष या अर्थाने आलेला आहे. किंबहुना तो आधीच रूढ होता म्हणूनच प्रत्यक्ष किडा सापडल्याची नोंद विनोद ठरू शकली.

आक्षेप केवळ या कथेवर नाही, तिच्यामागील दृष्टीवर आहे. इंग्रजी मूळ सापडले की मराठी वापराचा उगम सापडला, असे ती दृष्टी मानते. 'कॉम्प्युटर हँग झाला' हे वाक्य घ्यावे. इंग्रजीत 'हँग' क्रियापद आहे. मराठीत ते 'होणे'च्या आधाराने उभे राहते आणि 'ठप्प झाला', 'गार झाला' यांच्या पंक्तीत जाऊन बसते. 'प्रिंट मारणे' हे 'शिक्का मारणे'च्या कुळातले. 'फाइल उडाली' यातील उडणे फ्यूजचे आणि रंगाचे आहे. मेहरूणच्या बोराचे कलम करताना डोळा गावठी बोरीच्या खुंटावर भरतात. डोळा कोठून आणला एवढे सांगून झाडाची हकीकत पुरी होत नाही.

हा वाद निव्वळ तात्त्विक नाही. एका विद्यार्थिनीने जळगावातील डीटीपीच्या दुकानांत ऐकलेले असे प्रयोग टिपून मौखिक परीक्षेत मांडले. 'यात मराठी कुठे आहे?' असे विचारून परीक्षकांनी ते बाजूला सारले. उत्तर तिच्या प्रत्येक क्रियापदात होते. निरक्षर बहिणाबाईंच्या बोलीला अभ्यासक्रमात मान देणाऱ्या आपण अभ्यासकांना आजच्या कष्टकऱ्याची बोली मात्र भ्रष्ट वाटावी, ही विसंगती आहे.

'संगणक' हा घडवलेला शब्द रुळला, याचा आनंदच आहे. परंतु परिभाषा घडवणे आणि बोली नोंदवणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्याच्या अभिमानात आपण दुसरे टाळले. फ्लॉपी गेली, तिच्याभोवतीचे बोलणेही विरत चालले आहे. ते बोलणारे हयात आहेत तोवर कोशकारांनी त्यांच्याकडे जावे. पतंगाची कथा इंग्रजीने कधीच नोंदवून ठेवली आहे.