हजेरी नऊशेची, घर कितीवर चालते?

जिप्सम बोर्डाचे सीलिंग आणि पार्टिशन करणारी, सांधे भरणारी, पुट्टी ओढणारी मुले आपल्या वस्त्यांतून आता पुष्कळ दिसतात. कोणी "नऊशे रुपये हजेरी घेतो" म्हणतो, तेव्हा आईला बरे वाटते. वाटावेच, हुन्नराचे काम आहे. पण मी पडलो कारकून, आकडा ऐकला की मला वही आठवते.

समजा हजेरी 900 आणि महिन्यात काम 20 दिवस. झाले 18,000. प्रवास आणि चहा-नाश्त्याचे रोज 100 धरले तर 2,000 गेले. पॉलिश पेपर, पत्रा, मास्क यांचे 400. उरले 15,600. घरभाडे, किराणा, शाळा मात्र 30 दिवस चालूच. 30 ने भागा, रोजचे 520 येतात. उचल घेताना आपण 900 डोळ्यांपुढे ठेवतो, आणि तिथेच संसाराचे गाडे अडते.

चौरस फुटाने काम घेणाऱ्यांची गत आणखी वेगळी. सांध्यावर टेप लावून कंपाउंडचा पहिला हात मारला की तो सुकेपर्यंत पुढचा हात मारता येत नाही. त्यात साधारण एक दिवस जातो, पावसाळ्यात जास्तच. या थांबण्याचे पैसे कोण देतो? ठेकेदार फूट मोजतो, दिवस नाही. म्हणून काम किती दिवस अडकेल ते आधी विचारा आणि एकूण रकमेला तेवढ्या दिवसांनी भागा. हजेरीपेक्षा कमी पडले तर दर घाट्याचा. वायरिंगवाल्याने तयार भिंत पुन्हा फोडली तर त्या दुरुस्तीचे पैसे वेगळे, हेही सुरुवातीलाच बोलून घ्या.

मास्कमध्ये मात्र काटकसर नको. काही कंपाउंडच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही.

भगिनींनो, वही तुम्ही ठेवा. तारीख, जागा, ठेकेदार, दिवस किंवा फूट, मिळाले किती, बाकी किती. शेवटचा हप्ता लटकवण्याची खोड अनेकांना असते, तोंडी हिशेब तिथे टिकत नाही. शिवाय बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी वय 18 ते 60 आणि मागील 12 महिन्यांत किमान 90 दिवसांचे काम लागते. त्याचा दाखला काम सुरू असतानाच मागून घ्या. वर्षाने गेलात तर ठेकेदार ओळखही दाखवत नाही.