पोहायचे कोठे?

उन्हाळा आला की पुण्यातील अनेक मुले खडकवासल्याकडे धाव घेतात. शहराजवळचा हा विस्तीर्ण जलाशय सर्वांनाच भुरळ घालतो. परंतु पाणी दिसले की उडी मारावी, हे मला योग्य वाटत नाही.

धरणाचे पाणी वरून शांत दिसते; पण आतला तळ दिसत नाही. दोन पावलांवर एकदम खोल पाणी लागू शकते. गाळात पाय रुततो. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला मित्रही कधी कधी बुडतो. शिवाय हेच पाणी पुणेकर पितात.

मग पोहूच नये का? जरूर पोहावे! जिथे खोली लिहिलेली आहे, चढायला पायऱ्या आहेत आणि जीवरक्षक हजर आहे, तीच जागा निवडावी. अशी जागा म्हणजे पोहण्याचा तलाव. मात्र त्याचे शुल्क सर्वांना परवडत नाही. म्हणून धरणावर नुसती मनाईची पाटी लावून भागणार नाही. महानगरपालिकेने शाळकरी मुलांसाठी हे शुल्क अगदी कमी ठेवावे.

मित्रांनो, पट्टीचा पोहणारा आधी पाण्याबाहेर येण्याची जागा पाहतो, मगच उडी मारतो.