उतरण्याचा निर्णय

इंजिन नसलेल्या पंखाला लटकून पर्वतरांगांवरून शेकडो किलोमीटर जाणाऱ्या माणसांकडे समाज बहुधा दोन दृष्टींनी पाहतो. काहींना तो निव्वळ वेडेपणा वाटतो, तर काहींना अलौकिक शौर्य. परंतु हँगग्लायडरचे लांबचे उड्डाण हे मुख्यतः निरीक्षणाचे आणि विवेकाचे काम आहे. तसे मानले नाही, तर त्यातील खरे कौशल्य दृष्टीआड होते आणि नवख्यांच्या जिवाला धोका निर्माण होतो.

या विद्येचा पहिला धडा हिमालयातच गिरवावा लागतो असे नाही. जबलपूर जिल्ह्यातील कुंडम हे हिरण नदीचे उगमस्थान आहे. त्या डोंगराळ भागात उन्हाळ्याच्या दुपारी गुरे राखणाऱ्याने मान वर केली, तर पंख न हलवता घिरट्या घेत चढणारी घार त्याला दिसते. उघडा खडक आणि नांगरलेली शेते उन्हाने लवकर तापतात. शेजारचे रान तुलनेने थंड असते. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाते आणि घार त्या झोतातच वर्तुळे घेते. झोत मंदावला की ती पंख ताठ ठेवून पुढच्या झोताकडे घसरत जाते. लांब पल्ल्याच्या उड्डाणाचे तत्त्व एवढेच आहे. ज्याने कधी शाळा पाहिली नाही, अशा गुराख्यालाही घार कोठे चढते हे ठाऊक असते. ते ज्ञान दुय्यम मानण्याचे कारण नाही.

माणसाला मात्र हे साधायला फार काळ लागला. जर्मनीच्या ओटो लिलिएंथालने सुमारे दोन हजार उड्डाणे केली आणि १८९६ साली अशाच एका उड्डाणात कोसळून तो मृत्यू पावला. पुढे अमेरिकेच्या फ्रान्सिस रोगालोचा लवचीक पंख आणि ऑस्ट्रेलियाच्या जॉन डिकन्सनने १९६३ साली केलेली त्याची रचना यांतून आजचा हँगग्लायडर घडला. त्याचे वजन साधारण तीस किलो असते. उत्तम पंख एक किलोमीटर उंचीच्या बळावर, हवा शांत असल्यास, सुमारे पंधरा किलोमीटर पुढे जातो.

उंच पर्वतावर याच तत्त्वाची कसोटी लागते. हिमाचल प्रदेशातील बिलिंग हे सुमारे २,४०० मीटर उंचीवरील ठिकाण या उड्डाणांसाठी प्रसिद्ध आहे. २०१५ साली तेथे पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा झाली. धौलाधार रांगेचे दक्षिणेकडील उतार सकाळपासून तापतात. वैमानिक एका सोंडेवर उंची मिळवतो, मधली दरी ओलांडताना ती खर्च करतो आणि पुढच्या सोंडेवर पुन्हा चढतो. असे करत धर्मशाळेपर्यंत जाता येते. प्रत्येक दरीपाशी एकच प्रश्न उभा राहतो: हाती असलेली उंची पुरेल काय? दर किलोमीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. प्राणवायू अपुरा पडला की विचारशक्ती मंदावते आणि ती मंदावली आहे हे त्या माणसाला उमगतही नाही. थंडीपेक्षा हे अधिक भयंकर होय.

वर नेणारा झोतच घातकही ठरू शकतो. २००७ साली ऑस्ट्रेलियात एवा विस्निएर्स्का ही जर्मन पॅराग्लायडरपटू वादळी ढगात ओढली जाऊन सुमारे ९,९०० मीटरवर पोहोचली. ती बेशुद्ध झाली, तरीही वाचली. त्याच वादळात सापडलेला एक चिनी वैमानिक मात्र मरण पावला. तिच्या उंचीची गोष्ट जगभर सांगितली गेली. त्याचे नाव क्वचितच घेतले जाते.

वृत्तपत्रेही बहुधा आकड्यांवरच थांबतात. २०१२ साली टेक्सासमधून डस्टिन मार्टिनने हँगग्लायडरवर ७६४ किलोमीटरचा विक्रम केला. तो निःसंशय मोठा आहे. पण तो सखल प्रदेशातला आहे. तेथे उतरायला मोकळी जमीन पुष्कळ सापडते. धौलाधारच्या मुख्य धारेपलीकडे रस्ता नाही, सपाट जमीन नाही. बडा भंगालकडे जाणारी थमसर खिंड गद्दी मेंढपाळसुद्धा केवळ उन्हाळ्या-पावसाळ्याच्या महिन्यांतच ओलांडतात. तेथील एक किलोमीटर आणि मैदानावरील एक किलोमीटर एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

हा पैसेवाल्यांचा छंद असून त्यांच्या हौसेपायी शोधपथकांचे जीव टांगणीला लागतात, असा आक्षेप घेतला जातो. त्यातील दुसरा भाग खरा आहे. हरवलेल्याला शोधायला बर्फात चढणारे बहुधा स्थानिकच असतात. म्हणूनच डोंगरापलीकडे जाण्यापूर्वी अनुभवाची अट कडकपणे पाळली गेली पाहिजे. पहिला भाग मात्र अर्धाच खरा, कारण बीड गावच्या कित्येक तरुणांचे पोट आज याच वाऱ्यावर चालते.

ढग काळा पडू लागताच धर्मशाळेचा नाद सोडून निम्म्या वाटेवरच्या कापणी झालेल्या भातखाचरात उतरणारा वैमानिक विक्रमाच्या तक्त्यात कोठेच नसतो. गावची मुले भोवती जमतात, तो पंख गुंडाळतो आणि सडकेवर येऊन बसची वाट पाहतो. त्या दिवशी धौलाधारवर सर्वांत चांगले उड्डाण कदाचित त्यानेच केलेले असते.