दुखण्याची वंशावळ

सोयाबीन निघालंय, कपाशीची वेचणी सुरू आहे आणि पुण्या-मुंबईकडची पोरं मंगरूळपीरच्या स्टँडवर उतरू लागली आहेत. भाऊबीजेला लेकी येतील. पणजीपासून पणतवंडापर्यंत सगळे एका घरात असतात ते याच चार दिवसांत. म्हणून यंदा वाचकांकडे एक मागणं आहे: घरातल्या दुखण्यांबद्दल बोला.

आरोग्याचे निरोप फोनवर रोज फिरतातच. नातू घरच्या ग्रुपवर काढे पाठवतो; आजीचा भाऊ कशानं गेला, हे मात्र त्यानं कधी विचारलेलं नसतं. "थंडी पडली का त्याचं हाड न् हाड ठणके, डोये पिवये दिसत. बाहेरचं असन म्हनून अंगारा लावला," असं सांगणाऱ्या आज्या आपल्या भागात आहेत. ही लक्षणं सिकलसेलची असू शकतात.

हा आनुवंशिक आजार विदर्भात बराच आढळतो; आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये अधिक, पण इतर समाजांतही. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७ चं उद्दिष्ट ठेवून. तपासणी रक्ताच्या थेंबावर होते. खरी अडचण घरात आहे. सोयरीक मोडेल या धास्तीनं लेकीचा अहवाल पेटीच्या तळाशी जातो. वाहक, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच दोष आलेला माणूस, बहुधा ठणठणीत असतो, शेतात राबतो. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक होण्याची ५० टक्के असते. "एक आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली" हा हिशेब खोटा आहे. आणि सुनेला बोल लावणं हा तर उघड अन्याय. दोष आईबाप दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही. दोघंही वाहक आहेत का, हे लग्न ठरण्याआधी कळायला हवं, बारशानंतर नव्हे.

कथा-कवितांनंतर या अंकात दोन पानं मुद्दाम कोरी सोडली आहेत. कोणाला काय दुखणं होतं, कितव्या वर्षी सुरू झालं, कोण कशानं गेलं, ते आजीजवळ बसून तिथं लिहा. साखर, रक्तदाब, कर्करोग, सगळंच. आईकडची माणसं सोडू नका. आपल्या वंशावळीत बापाकडचीच नावं असतात. पानं फाडून घेतलीत तरी चालेल. दवाखान्यात जाताना सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा.