कूलर आतून पाहिलाय का कधी?

दोस्तांनो, हे वाचताना तुमच्या घरात कूलर सुरू असणार. आपल्या अकोला जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये दुसरा इलाजच नसतो. पारा ४४-४५ च्या घरात गेला की दुपारी पातूरच्या बसस्टँडवरही चिटपाखरू दिसत नाही. आता तीन प्रश्नांची खरी खरी उत्तरं द्या. हा कूलर हवा गार कशी करतो? पावसाळा लागला की तोच कूलर घाम का काढतो? आणि त्याच्या तीन पिनांच्या प्लगमधली एक पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब का असते?

मला हे प्रश्न पहिल्यांदा पडले तेव्हा एकाचंही धड उत्तर देता आलं नव्हतं. बारावीपर्यंत सायन्स होतं, मार्कही बरे होते. पण शाळेतल्या प्रयोगशाळेचं कपाट कायम कुलूपबंद. लोलक मी काचेतूनच पाहिला आणि त्याची आकृती मात्र जर्नलमध्ये तीनदा काढली. तुमचीही गोष्ट फार वेगळी नसावी.

हे आज लिहायला एक कारण आहे. इंटर्न म्हणून डेस्कवर बसले की उन्हाळ्यात एक बातमी हमखास हातात येते: कूलरचा शॉक लागून मृत्यू. विदर्भात दर वर्षी अशा बातम्या येतात. गाव बदलतं, वय बदलतं. कधी टाकीत पाणी ओतणारी बाई असते, कधी खेळता खेळता पत्र्याला हात लागलेलं लेकरू. यामागचं विज्ञान शाळेच्या पुस्तकात आहे. वायरचं आवरण झिजतं, आतली तार लोखंडी बॉडीला टेकते. अर्थिंग नीट असेल तर करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर बॉडीत करंट तसाच राहतो आणि ओल्या फरशीवर उभ्या माणसाच्या अंगातून वाट काढतो. ती लांब पिन अर्थिंगची असते. प्लग लावताना सगळ्यात आधी ती जोडली जावी म्हणून ती लांब. आपण मात्र सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून दोन पिनांचा प्लग लावून मोकळे होतो.

पुस्तकात असलेली गोष्ट हातात का उतरत नाही, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं एक उत्तर या सुट्टीत तुमच्याकडे आहे.

सध्या समर कॅम्पचे बोर्ड सगळीकडे लागलेत. रोबोटिक्स, कोडिंग, एआय. वाईट काही नाही त्यात. पण मी पाहिलेल्या एका शिबिरात तयार किट होतं, जोडणी सरांनी केली, मुलांनी बटण दाबलं, गाडी पळाली, टाळ्या झाल्या, सर्टिफिकेटसह फोटो निघाला. एका मुलाने गाडी उघडायचा प्रयत्न केला तर त्याला ओरडा बसला. खरं तर त्या हॉलमध्ये शिकायला तयार असलेला तोच एक होता.

गेल्या मे महिन्यात पातूरला मावशीच्या अंगणात मी गल्लीतली नऊ पोरं गोळा केली. संध्याकाळी पाचनंतर, पाच दिवस. माझी तयारी म्हणजे यूट्यूबचे चार व्हिडिओ. पहिल्या दिवशी छोटी मोटर करायची होती: एक सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधलं चुंबक, सायकलच्या ट्यूबचं रबर आणि मोटर भरणाऱ्या काकांकडून फुकट मिळालेली तांब्याची तार. तारेचे दहा वेढे घेतले, कडं दोन पिनांच्या भोकांत अडकवलं. काहीच हललं नाही. सहावीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, हे काहून फिरून नाही राहिलं?" मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते काकाच आले. तार नखाने खरवडून म्हणाले, "याच्यावर वार्निश असते बाई. ते काढल्याशिवाय करंट जाईन कसा?" तार नुसती तांब्याची दिसते, तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. एक टोक पूर्ण खरवडायचं आणि दुसरं फक्त अर्ध्या बाजूने. अर्धा फेरा करंट मिळतो, उरलेला अर्धा कडं आपल्याच वेगात पूर्ण करतं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर पुढच्या अर्ध्या फेऱ्यात धक्का उलटा बसतो आणि कडं जागेवर डुगडुगत राहतं.

मोटर फिरली. मग काकांनी विहिरीवरची मोटर का जळते ते सांगितलं. व्होल्टेज कमी आलं किंवा तीनपैकी एक फेज गेला की मोटर जास्त करंट ओढते, तापते, तो इनॅमलचा थर जळतो, वेढे एकमेकांना टेकतात. मोटर भरायला टाकावी लागते म्हणजे काय, हे त्या नऊ घरांतल्या पोरांना आधीही ठाऊक होतं, कारण घरात पैशांवरून भांडण होतं. का, ते त्या दिवशी कळलं. विहिरीवरची मोटर या खेळण्यापेक्षा वेगळ्या रचनेची असते, पण तार, वेढे आणि चुंबकाची ओढ दोन्हीकडे आहे.

ही कल्पना माझी नाही. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब आणि घरातला भंगार माल यांतून विज्ञानाची शेकडो खेळणी केली. सातपुड्याच्या पलीकडे, होशंगाबादला १९७२ मध्ये खेड्यांतल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवणं सुरू झालं होतं, तिथे त्यांना ही वाट सापडली. पुढे पुण्याच्या आयुकात ते अनेक वर्षं मुलांसाठी हेच करत राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुणे जिल्ह्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली पोरं तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती करता करता विज्ञान शिकतात.

सरकारनेही २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब आणल्या. एका लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान असतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. चांगलंच आहे. पण मे महिन्यात शाळा बंद, लॅबला कुलूप आणि पोरं मोबाइलवर. तेव्हा पोरांसोबत बसायला कोण आहे? सुट्टीला गावी आलेले तुम्ही.

"मी आर्ट्सची", "मी कॉमर्सचा" हे कारण सांगू नका, मी मास कॉमची आहे. आणि इंजिनिअरिंगवाल्यांनो, शेगाव-अमरावतीच्या हॉस्टेलवर सिनिअरची जर्नल उतरवून किती प्रॅक्टिकल पार पडले ते आपल्याला ठाऊक आहे. पोरांसमोर बसलात की पाठ केलेलं उघडं पडतं. त्यांचा पहिला 'काहून' निभावतो, दुसऱ्याला आपण अडकतो. तिथून आपलंही शिकणं सुरू होतं.

पेपर आटोपले की पाच संध्याकाळी काढा. एक दिवस बंद पडलेला टॉर्च, रेडिओ, खेळण्यातली गाडी पोरांना स्वतःच्या हाताने उघडू द्या. टीव्ही आणि इन्व्हर्टर नको, बंद असले तरी आत चार्ज असू शकतो. एक दिवस मोटर. एक दिवस लॅबचे दोन थर्मामीटर, एकाला ओलं फडकं गुंडाळलेलं. आमच्या अंगणात कोरडा ४१ दाखवत होता आणि ओला २५. कूलर कसा चालतो ते पोरांनी स्वतःच सांगितलं, आणि हवेत आधीच ओल असेल तर पाणी कमी उडेल, हेही. एक दिवस काठीची सावली मोजा. पातूरला २२-२३ मेच्या सुमारास, दुपारी सव्वाबाराच्या पुढेमागे, उभ्या काठीची सावली जवळपास गायब होते. दिल्लीकरांना हे वर्षभरात कधीच दिसत नाही. प्रयोग सगळे सेलवर करा. घरातल्या लाइनला पोरांचा हात लागता कामा नये.

शेवटचा दिवस कूलरचा. प्लग काढून बाजूला ठेवायचा. सेल आणि छोट्या बल्बच्या वायरचं एक टोक लांब पिनेला, दुसरं कूलरच्या बॉडीवर, रंग खरवडलेल्या जागी. बल्ब लागला तर अर्थिंगची वायर सलग आहे. घरातलं अर्थिंग मात्र वायरमनकडूनच तपासून घ्यायचं. आमच्या गल्लीत नऊ घरांपैकी चार घरांत बल्ब लागला नाही. त्या चारही घरांत पोरांनी रात्री आईबापाच्या मागे लागून प्लग बदलून घेतले.

अंगण कुणाचंही चालेल. भंगारवाल्याकडे आणि मोटर भरणाऱ्या काकांकडे उद्याच एक चक्कर मारा.